डाव्या कमरेचं म्यान

७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण कालच्या कवायतीपासून कंबर वाकत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच केलाय, गोड मानून घे.

इथे आल्या दिवशीच सगळ्यांचे फोन काढून घेतले. बारा आठवडे संपले की परत देणार म्हणे. म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी चौथीत लिहिलं होतं, तेही तुलाच, आणि तू त्यातल्या चुकांवर लाल रेघा मारून ते मला परत पाठवलं होतंस. या वेळी एवढी कृपा कर की चुका पोटात घाल.

बाकी फौजदारकीचं शिक्षण झकास चाललंय. पळण्यात मी पहिली. कायद्याच्या पेपरात तिसरी. माझ्या खोलीत एक धिप्पाड मुलगी आहे, तिला सगळे इंजिन म्हणतात. का म्हणतात ते पहिल्याच रात्री कळलं. पण स्वभावाने सोनं आहे.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगते. आम्हाला रिव्हॉल्व्हर दिलंय आणि ते कमरेला लावायला चामड्याचं होल्स्टर. कोठारात अशी शंभर तरी असतील, पण झाडून सगळी उजव्या हाताची! आणि तुझी भाची जन्माची डावखुरी. ते होल्स्टर डाव्या कमरेला लावलं की रिव्हॉल्व्हरची मूठ मागे असायच्या ऐवजी पुढे येते. मग मनगट उलटं पिरगाळून उपसायचं, आणि उपसताना नळी माझ्याच पोटावरून फिरते. काल मास्तर मैदानभर ओरडले, "बाई, चोराला मारायचंय, स्वतःला नाही!" सगळे हसले. मीही हसले, पण आत जाऊन थोडी रडले. थोडीच हं.

चार एप्रिलला परीक्षा आहे. शिट्टी वाजली की दोन सेकंदांत पहिली गोळी सुटली पाहिजे. पाचपैकी चार गोळ्या गोलात पाहिजेत. मग न बघता, एका हाताने रिव्हॉल्व्हर परत होल्स्टरमध्ये. एकच संधी, नापास झालं की बाडबिस्तरा घेऊन घरी. बाबांनी तर सांगूनच ठेवलंय, "नाही जमलं तर आपलं औषधाचं दुकान आहेच, खोकल्याच्या बाटल्या पुसायला माणूस हवंच आहे." त्यांना मनातून मी नापासच व्हायला हवीय, असं मला कधीकधी वाटतं. बंदुकीची त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती.

मास्तर म्हणतात, दोनच वाटा आहेत. एक तर हात बदल, नाहीतर तुझ्या हाताचं होल्स्टर घेऊन ये, स्वतःचं चालतं. रविवारी गावात जाऊन दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, "डाव्या हाताचं? कुणासाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी. तर म्हणतो कसा, "मग उजव्याची सवय करा ना, सोपं पडेल." त्याच्याकडे डावं असं एकच होतं, काळं, चकचकीत, मऊ. घेऊ का? तू जन्मभर चामड्यात हात घातलेली बाई, तुला विचारल्याशिवाय घेतलं तर तू मला जिवंत ठेवणार नाहीस.

तुझी
भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

उभ्याने नमस्कार केलास, तर हा घे उभ्याउभ्याच आशीर्वाद. बसायला फुरसत कुणाला आहे? समोर चौदा कंबरपट्टे, एक घोड्याचा लगाम आणि एका बाईंच्या कुत्र्याचा पट्टा पडलाय. कुत्रा एवढासा, बाईंच्या मागण्या एवढ्या मोठ्या.

ते मऊ चकचकीत प्रकरण अजिबात घ्यायचं नाही. मऊ आहे म्हणून तर घ्यायचं नाही! पिशवीला मऊ कातडं चालतं, म्यानाला नाही. (तुमचं ते होल्स्टर का काय, आमच्या दुकानात त्याला म्यानच म्हणतात, तलवारीचं असो नाहीतर बंदुकीचं.) रिव्हॉल्व्हर बाहेर काढल्यावरही म्यानाने तोंड उघडं ठेवलं पाहिजे. मऊ असेल तर ते मोज्यासारखं मिटून बसतं, आणि मग परत घालताना तू दोन्ही हातांनी चाचपत बसशील आणि तुझे मास्तर पुन्हा मैदानभर ओरडतील. शिवाय ती चकाकी रसायनांची असते. अशा कातड्यात लोखंड महिनाभर ठेवलं तर गंज धरतं.

कातडं झाडाच्या सालीच्या पाण्यात कमावलेलं हवं. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की होईल तेवढं जाड. नखाने दाबलं की खूण उमटली पाहिजे आणि हळूहळू भरून आली पाहिजे. वास घेतलास तर लाकडाच्या वखारीत उभं राहिल्यासारखं वाटलं पाहिजे. रॉकेलचा वास आला तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पड.

पण तू कशाला वास घेत फिरतेस? आत्या मेली नाही अजून. मी शिवते. तुझ्या बापाला सांगू नकोस, नाहीतर म्हणेल, ताई, तिला आणखी चढवून ठेव.

कागदावर रिव्हॉल्व्हर ठेव आणि भोवतीने पेन्सिल फिरव, पेन्सिल अगदी उभी धरून. मग दोऱ्याने जाडी मोज, चक्राजवळची वेगळी, नळीची वेगळी, मुठीची वेगळी, आणि दोऱ्याला गाठी मारून तो दोराच पाठव. आकडे पाठवू नकोस, तुझे आकडे मला माहीत आहेत. आणि पट्टा किती रुंद, तेही.

पत्रात सहा चुका होत्या. पोटात घातल्या. पोट दुखतंय.

आत्या


२० फेब्रुवारी

लाडके आत्या, माझे आई, माझे सरकार!

तुझं पत्र वाचून मी पलंगावर उडी मारली आणि पलंगाची फळी मोडली. खालच्या पलंगावर इंजिन होती. ती म्हणाली, "आत्या शिवणार आहे ना, मग माफ."

कागद आणि गाठींचा दोरा सोबत आहे. शस्त्रागाराचे कारकून मी रेघ मारेपर्यंत शेजारी उभे होते आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते, "झालं?" त्यामुळे घोड्याजवळ रेघ जरा हलली आहे. तू समजून घेशील. कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, डावा हात, डावी कमर. तीनदा लिहिलंय. वाटलं तर तू चौथ्यांदा लिही.

वरून अडकवायची एक पट्टी हवी, अंगठ्याने सुटेल अशी, म्हणजे पळताना रिव्हॉल्व्हर पडायचं नाही. झाकण नको, झाकणात वेळ जातो. रंग तुझ्या आवडीचा. मास्तरांना सांगितलं, आत्या शिवतेय. ते म्हणाले, "बघू." ते सगळ्यालाच "बघू" म्हणतात. परवा कुणीतरी त्यांना जेवण झालं का विचारलं, तर तेव्हाही म्हणाले, "बघू."

तुझी, हवेत तरंगणारी,
भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

पार्सल सोबत आहे, म्यान आणि त्यासोबत एक लाकडी रिव्हॉल्व्हर. आधी पत्र वाच, मग दोरी तोड. तू आधी तोडली असशीलच.

ओल्या कातड्याला आकार द्यायला आत काहीतरी घालावं लागतं, आणि सरकार काही माझ्याकडे रिव्हॉल्व्हर पाठवणार नाही. म्हणून पलीकडच्या सुताराकडे गेले. तुझा कागद आणि दोरा दिला. त्याने आयुष्यभर दारं आणि टेबलं केली, हे पाहून त्याला विशीतल्यासारखा जोर चढला. तीन दिवसांत हुबेहूब लाकडी रिव्हॉल्व्हर! चक्र फिरतंसुद्धा. फिरायची काही गरज नव्हती, पण फिरतं. वर चुलीची काजळी चोळून काळं कुळकुळीत केलं.

आणि मग काय झालं ऐक. म्यान वाळल्यावर मी खिडकीशी उभी राहून ते उपसून बघत होते, एकदा, दोनदा, पन्नासदा. समोर राहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी पाहिलं आणि त्यांनी चौकीवर कळवलं की म्हातारी बंदूक घेऊन रस्त्यावर नेम धरतेय. दोन शिपाई आले! दोघंही दाराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभे. मी म्हटलं, "आत या, चहा टाकलाय." आले. लाकडी रिव्हॉल्व्हर पाहून आधी रागावले, मग हसले, मग दोघांनीही कमरेला म्यान लावून उपसून पाहिलं. एक म्हणाला, "आजी, लोण्यातून सुरी काढावी तसं निघतंय." दुसऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं, ते लावून दिलं. जाताना दोघांनी सलाम ठोकला. शिक्षिकाबाई खिडकीतून बघतच होत्या.

आता म्यान मुरवायचं कसं ते नीट वाच. पहिल्यांदा ते इतकं घट्ट वाटेल की तुला रडू येईल. तेल लावायचं नाही! तेलाने कातडं सैल पडतं आणि मग कायमचं बिघडतं. लाकडी रिव्हॉल्व्हर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळ, दाबून आत घाल, तसंच ठेव, सकाळी काढ. असं चार दिवस. मग पिशवी काढून रोज शंभर वेळा उपसायचं आणि शंभर वेळा घालायचं. उन्हात ठेवायचं नाही. दिवसभर अंगावर वागव, म्हणजे तुझ्या कमरेच्या उबेने पाठ वाकेल. पंधरा दिवसांत ते तुझं होईल. त्याआधी ते माझं आहे, म्हणून मान ठेव.

खरं सांगू? गेल्या दहा वर्षांत एवढं मन लावून काही केलं नव्हतं. कुत्र्याचा पट्टा तसाच राहिलाय.

आत्या


१२ मार्च

प्रिय आत्या,

पार्सल मिळालं. दोरी आधी तोडली, हो.

काय सुंदर आहे गं! चहाच्या रंगाचं, टाके तर मोजून घालावेत तसे एकसारखे. खोलीतल्या सगळ्यांनी वास घेतला. इंजिनने तर एवढा वेळ घेतला की शेवटी तिच्या नाकाखालून ओढून घ्यावं लागलं. लाकडी रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरवायला रांग लागते. परवा मी ते घेऊन भोजनगृहात गेले, तर आचाऱ्यांनी हातातला डाव टाकून दोन्ही हात वर केले. तेव्हापासून मला दोन अंडी जास्त मिळतात.

तू सांगितलंस तसं सगळं करतेय. पिशवी झाली, आता रोजचे शंभर चालू आहेत. उजव्या कोपराला थोडं घासतं, तिथे चट्टा उठलाय, पण मुरलं की जाईल. वेळ अजून दोन सेकंदांच्या आत येत नाही. ते काय, माझाच सराव कमी पडतोय. म्यानात काडीची खोट नाही. तू अजिबात काळजी करू नकोस. तू एवढे कष्ट घेतलेस, मला फार भरून आलं.

बाबांना सांगू नकोस की वेळ येत नाहीये.

तुझी
भिंगरी


१७ मार्च

गाढवे,

उजव्या कोपराला?

डाव्या कमरेला लावलेलं म्यान उजव्या कोपराला घासतं कसं? तुझा उजवा हात काय पाठीमागून फिरून येतो? तीनदा वाचलं पत्र. मग सुताराकडून लाकडाचा तुकडा आणला, मूठ म्हणून हातात धरला आणि आरशासमोर उभी राहिले. मग मटकन खालीच बसले.

मी उजव्या हाताचं शिवून पाठवलं. आणि तू मुकाट्याने ते उजव्या कमरेला लावून, उजव्या हाताने उपसायला शिकते आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून! अगं, परीक्षा तुझी आहे, माझ्या मनाची आहे का? बारा आठवड्यांवर पाणी सोडायला निघालीस? असा राग आला होता तुझा, आणि मग असं रडू आलं. दोन्ही एकदम आलं. गिऱ्हाईक आलं होतं, ते आल्या पावली परत गेलं.

आता ही चूक कशी झाली ते ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कातडं कापताना ते पालथं घालतात आणि मागच्या बाजूने आखतात. म्हणून नमुन्याचा कागद उलटा ठेवावा लागतो. शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. मी उलटा ठेवला. आणि मग, माझ्याही नकळत, आणखी एकदा उलटा केला. दोनदा उलटा केला म्हणजे होता तसा झाला, आणि डाव्याचं उजवं झालं.

दुसऱ्यांदा का केला? कारण मी डावखुरी आहे.

सहा वर्षांची असताना आईने माझा डावा हात दोरीने कमरेला बांधायला सुरुवात केली. वर्षभर बांधत होती. शाळेत पट्टी बसायची ती वेगळी. शेवटी उजव्याने लिहू लागले, जेवू लागले, पुढे शिवू लागले. पण डोक्यात मात्र सगळं आधी डावंच दिसतं, आणि मग मी ते उलटं करून उजव्या हाताला देते. प्रत्येक पट्टा, प्रत्येक पिशवी. पंचावन्न वर्षं. इतकं अंगवळणी पडलंय की कळतही नाही. आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताचं काम आलं, आणि मी सवयीने तेही उलटं केलं.

आणि तपासलं कुणी? मी, उजव्या हाताने. सुतार, उजवा. दोन शिपाई, दोघंही उजवे. सगळे म्हणाले, वा! लोण्यातून सुरी! एकाही शहाण्याला डावा हात लावून बघायचं सुचलं नाही.

तू चार वर्षांची होतीस, डाव्या हाताने माझी कात्री उचललीस, आणि घरातले सगळे धावले. मी म्हटलं होतं, पोरीच्या हाताला कुणी हात लावला तर याद राखा. सगळ्यांना वाटलं, आत्याचे लाड. आता कळलं ना?

कातडं भिजत घातलंय. उजव्या हाताने एकदासुद्धा सराव करायचा नाही, माझी शपथ आहे तुला. आणि आता खरं खरं लिही.

आत्या


२२ मार्च

आत्या,

पत्र वाचून मी संडासात जाऊन रडले, कारण इथे दार लागणारी तेवढी एकच जागा आहे. बाहेरून इंजिन दार वाजवत होती, तिला खरंच जायचं होतं.

खरं खरं सांगते. पार्सल उघडलं, लावून पाहिलं, आणि पायाखालची जमीनच सरकली. पण तुझे ते टाके बघितले. तुला "चुकलं" असं लिहायला पेन उचलेना. मग वाटलं, सगळं जग उजव्या हाताने करतंय, मीही करेन. उजव्याने माझी वेळ साडेतीन सेकंद आहे. पाचपैकी दोन गोळ्या गोलात, एक मातीत, आणि दोन कुठे गेल्या ते कुणालाच माहीत नाही. मास्तर आता ओरडतही नाहीत. नुसते बघतात. ते जास्त लागतं.

तू डावखुरी! मला केवढं गुदगुल्या झाल्यासारखं वाटतंय सांगू? रडता रडता हसायला येतंय. मला वाटायचं, आपल्या अख्ख्या घरात हे विचित्र भूत मला एकटीलाच लागलंय. म्हणजे हे मी तुझ्याकडून घेतलंय! नाक बाबांचं, हात तुझा.

फार दिवस उरले नाहीत. नाही जमलं तरी तू मनाला लावून घ्यायचं नाही. आता माझी शपथ.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरे,

घे. हे डावं आहे. देवाशपथ डावं आहे. सुताराने दुसरं लाकडी रिव्हॉल्व्हर करून दिलं, आणि मी स्वतः डाव्या कमरेला लावून डाव्या हाताने ते दोनशे वेळा उपसलंय. सुताराला म्हटलं, तूही डाव्याने बघ. त्याने पायावर पाडून घेतलं.

हे मी डाव्या हाताने कापलं आणि डाव्या हाताने शिवलं. पहिला तुकडा वाया गेला. सुरी हातात धरली तर कुणीतरी आता मागून येऊन ओरडेल असं वाटत होतं. एकसष्ट वर्षांची मी, दुकान माझं, आणि मागे वळून बघतेय! मग स्वतःचंच हसू आलं. दुसरा तुकडा सरळ कापला. भिंगरे, डोक्यात काही उलटं करावंच लागलं नाही गं. दिसत होतं तसंच हातातून उतरत होतं. एवढं सोपं असतं होय, बाकीच्या लोकांना?

टाके मात्र वाकडेतिकडे आहेत. हाताला सवय नाही. दिसायला बावळट आहे, पण मजबूत आहे, दोरा दुहेरी मेण लावून घातलाय. उसवलं तर नाव बदल.

मुरवायला पंधरा दिवस नाहीत, जेमतेम सहा मिळतील. म्हणून दोन दिवस पिशवीत, ते दोन्ही दिवस अंगावर. झोपतानाही काढायचं नाही. मग दिवसाला तीनशे. तोंडाशी फारच अडत असेल तर तिथे आतून मेणबत्ती घास, बाकी कुठे नाही. तेलाची बाटली दिसली तरी रस्ता बदल.

आत्या


३१ मार्च

आत्या,

घाईत. निघालं! डाव्या कमरेवरून, डाव्या हाताने, मूठ थेट तळव्यात! पहिल्या दिवशी इतकं घट्ट होतं की इंजिनने म्यान धरलं, मी लाकडी रिव्हॉल्व्हर ओढलं, आणि दोघी दोन दिशांना जाऊन पडलो. आज सकाळी ती शिट्टी वाजवत होती आणि मी उपसत होते, जिन्यात, व्हरांड्यात, अंघोळीच्या रांगेत. अंघोळीला जातानाही टॉवेलवर पट्टा बांधून गेले. अख्खी इमारत आकडे मोजते. दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे नव्याण्णव! तीनशेला टाळ्या पडतात. मास्तर खालून गेले, वर बघितलं आणि म्हणाले, "बघू." पण आत्या, त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. मी पाहिलं.

भिंगरी


४ एप्रिल

आत्या! आत्या! आत्या!

पास!

थांब, नीट सांगते. कागद गुडघ्यावर ठेवून लिहितेय, तेव्हा अक्षरावर लाल रेघा मारू नकोस.

माझा नंबर सतरावा. सोळावा चालू असताना मला वाटलं, मी आत्ताच इथून पळत सुटावं, पळण्यात तर मी पहिली आहेच. मग शिट्टी वाजली. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. खरंच नाही. हात गेला आणि आला, बस. मास्तरांनी घड्याळ बघितलं, झटकलं, कानाला लावलं, परत बघितलं. एक पूर्णांक चार सेकंद!

चार गोळ्या गोलात. पाचवी शेजारच्या फळ्यावर, इंजिनच्या. त्यामुळे तिच्या फळ्यावर पाच गोळ्यांची सहा भोकं निघाली आणि सगळे अधिकारी दहा मिनिटं डोकं खाजवत होते. तीही पास. ती म्हणते, माझ्यामुळे तिचा नेम सुधारला.

मग शेवटचं. समोर बघत, एका हाताने, रिव्हॉल्व्हर परत. टक्! तोंड उघडं ठेवून बसलं होतं तुझं म्यान, तू म्हणाली होतीस तसंच. मास्तर जवळ आले, वाकून टाके बघितले, आणि म्हणाले, "हे काय, लहान मुलीने शिवलंय?" मी म्हटलं, "हो सर. एकसष्ट वर्षांच्या." त्यांनी त्या वाकड्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हात चांगला आहे." तुझा की माझा, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

बाबांना तूच सांग. मी सांगितलं तर ते आधी विचारतील, लागलं तर नाही ना कुठे.

तुझी,
फौजदार (होय!)
भिंगरी


९ एप्रिल

फौजदारीणबाई,

कडक सलाम. डाव्या हाताने ठोकलाय. हे पत्रही डाव्यानेच लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. लाल रेघा मारून परत पाठवलंस तर बघ.

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात होते. इतकी ओरडले की शिक्षिकाबाईंनी पुन्हा खिडकी उघडली. या वेळी त्यांना आत बोलावून पत्र वाचून दाखवलं. त्याही रडल्या. सुताराने काम बंद करून सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी औषधाचं दुकान बंद करून तुझा बाप आला. त्याला स्टुलावर बसवलं आणि पत्र वाचलं. लागलं तर नाही ना, हे विचारलंच त्याने. मग म्हणाला, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. दर वेळी "एक पूर्णांक चार" आलं की मान डोलवायचा, स्वतःच पळून आल्यासारखा धापा टाकायचा. मी कुत्र्याचा पट्टा शिवायला घेतला, डाव्या हाताने. तो माझ्या हाताकडे बघत बसला.

दोन-चार टाके पडल्यावर म्हणाला, "ताई, आईला मी सांगायचो."

मी म्हटलं, काय सांगायचास?

"तू डाव्या हाताने काही करताना दिसलीस की. मागच्या अंगणात, माडीवर, कुठेही. मी धावत जाऊन सांगायचो. आई एक बिस्कीट द्यायची."

भिंगरे, मला इतकी वर्षं वाटत होतं की आईला भिंतीपलीकडचं दिसतं. खरंच वाटत होतं गं! ती गेल्यावरसुद्धा दुकानात एकटी असताना कधी डावा हात पुढे केला नाही, ते त्याचमुळे. आणि हा तीन-चार वर्षांचा चोर बिस्किटं खात होता!

आधी मला हसूच फुटलं. इतकं की टाका सुटला. तो मात्र हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला, पुसून डोळ्यांवर ठेवला, परत काढला. म्हणाला, "पोरीलाही मीच म्हणायचो, हात बदल, हात बदल. बदलला असता तर आज नापास झाली असती."

मी म्हटलं, "झाली नाही ना? मग नाक पूस आणि हे धर." पट्ट्याचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. पट्टा शिवताना कुणीतरी पलीकडून ताणून धरलं की टाका सरळ पडतो. त्याने धरलं. मी डाव्या हाताने शिवत होते आणि तो माझ्या हाताकडे बघत होता. मला सारखं वाटत होतं, आता उठून धावत जाईल, आता उठून धावत जाईल. पण तो शेवटच्या टाक्यापर्यंत तसाच धरून बसला होता.

आत्या